हार्मोन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न, परळच्या लॅबच्या काउंटरवरून

मी परळला एका लॅबमध्ये गेली १४ वर्षं रक्त घ्यायचं काम करते. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झालेय, डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाची गोळी किती वाढवायची आणि किती कमी करायची हे मी सांगत नाही, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण सकाळी सातला शटर वर जातं तेव्हा बदलापूर, विरार, पनवेलहून पहिली गाडी पकडून आलेली माणसं उपाशीपोटी बाहेर उभी असतात आणि हाताला पट्टा बांधून सुई निघेपर्यंतच्या दोन-तीन मिनिटांत जे प्रश्न विचारतात ते इतके सारखे असतात की एकदा नीट बसून लिहावं असं कधीपासून मनात होतं.

हार्मोन म्हणजे नक्की काय हो ताई? आणि ग्रंथी म्हणजे ती गाठ का?

गाठ नाही. शाळेच्या पुस्तकात हार्मोनला संप्रेरक म्हणायचे. शरीरात एका जागी तयार होणारं, रक्तात मिसळून लांब कुठेतरी जाणारं आणि तिथल्या पेशींकडून काम करून घेणारं रसायन म्हणजे हार्मोन. ते जिथे तयार होतं ती ग्रंथी. घामाची, लाळेची ग्रंथी आपला रस नळीवाटे बाहेर सोडते. ह्या ग्रंथींना नळीच नसते, सगळं थेट रक्तात जातं, म्हणून अंतःस्रावी म्हणतात.

हे कळलं कसं ते मला फार आवडतं म्हणून सांगते. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग ह्या दोघांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाच्या सगळ्या नसा कापल्या आणि तिथे आम्ल घातलं, तरी तिकडे स्वादुपिंडातून पाचकरस सुटलाच. नसा तर कापलेल्या, मग निरोप गेला कसा, तर रक्तातून. त्या निरोप्याला त्यांनी सिक्रेटिन नाव दिलं आणि १९०५ ला स्टार्लिंगने अशा सगळ्या रसायनांसाठी हार्मोन हा शब्द वापरला, ग्रीक भाषेतून घेतलेला, अर्थ साधारण 'चालना देणारं'.

रक्त तर डोक्यापासून पायापर्यंत फिरतं, मग एक हार्मोन ठरावीक ठिकाणीच कसं काम करतं?

दादरला अनाउन्समेंट होते, कर्जत फास्ट अमुक प्लॅटफॉर्मवर येतेय. ऐकू सगळ्या स्टेशनला येतं पण बॅग उचलून पळतात कोण, तर कर्जतवालेच. तसंच आहे हे. हार्मोन सगळ्या पेशींच्या जवळून जातं पण ज्या पेशीवर त्या हार्मोनचा रिसेप्टर, म्हणजे त्याला धरणारी खास जागा, आहे तिलाच ते कळतं. काही हार्मोन पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरला चिकटतात आणि काम पटकन होतं, ॲड्रिनलिन तसं. काही पेशीच्या आत शिरून थेट जीन्सपर्यंत जातात, थायरॉइडचं किंवा कॉर्टिसोल तसं, त्यांचा परिणाम दिसायला तास काय दिवसही लागतात. थायरॉइडची गोळी चालू करून चार दिवसांत 'काही फरक नाही' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

आणि प्रमाण किती कमी असतं बघा. फ्री टी४, म्हणजे थायरॉइडचं रक्तात मोकळं फिरणारं हार्मोन, त्याचा रिपोर्ट साधारण १ नॅनोग्रॅमच्या आसपास येतो, तोही १०० मिली रक्तामागे, आणि नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. एवढ्यावर माणसाचं वजन, झोप, केस, पाळी, मूड सगळं हलतं.

किती ग्रंथी आहेत आणि कुठे?

मेंदूच्या खाली, नाकाच्या मुळामागे हाडाच्या खोबणीत वाटाण्याएवढी पिट्युटरी बसलेली असते, अर्धा ग्रॅम वजन, आणि तिच्या वर मेंदूचाच भाग असलेला हायपोथॅलॅमस, तो तिला सूचना देतो. गळ्यात श्वासनलिकेवर फुलपाखरासारखी थायरॉइड. तिच्याच मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड, त्या कॅल्शियम बघतात. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर कुणाकुणाच्या बोटांना मुंग्या येतात, हात आखडतात, ते ह्या चौघींना धक्का लागल्यामुळे. दोन्ही किडनीवर टोपीसारख्या ॲड्रिनल, ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल तिथलंच, पोटामागे स्वादुपिंड, बाईच्या ओव्हरी, पुरुषाचे वृषण, मेंदूत आत पिनिअल.

एवढंच सांगून लोक थांबतात, पण जठरसुद्धा घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन बनवतं, चरबी लेप्टिन बनवते जे मेंदूला पुरे झालं सांगतं, हे १९९४ ला कळलं. आणि किडनी एरिथ्रोपोएटिन बनवते ज्याच्यामुळे लाल पेशी तयार होतात. डायलिसिसवाल्यांचं हिमोग्लोबिन सारखं का पडतं आणि त्यांना ते इंजेक्शन का देतात, ते ह्याच्यामुळे.

माझा टीएसएच ९ आलाय. म्हणजे थायरॉइड वाढलाय ना?

हा प्रश्न मला रोज येतो, एक दिवस सुटत नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाहीच. ते पिट्युटरीचं आहे. आपल्या बिल्डिंगचं उदाहरण घ्या. गच्चीवर पाण्याची टाकी आणि खाली मोटर. टाकीत पाणी कमी झालं की वरून कुणीतरी ओरडतं, मोटर चालू कर. तरी पाणी चढलं नाही तर आणखी जोरात ओरडतो, टाकी भरली की गप्प होतो. थायरॉइड ही मोटर, टी४ आणि टी३ हे पाणी आणि टीएसएच म्हणजे वरून येणारी हाक. हाक मोठी झाली म्हणजे पाणी कमी आहे. म्हणून टीएसएच वाढला की बहुतेक वेळा थायरॉइड सुस्त पडलेली असते, हायपो. आणि टीएसएच अगदी ०.०१ वगैरे आला की थायरॉइड बेफाम चाललीय, हाक मारायची गरजच उरलेली नाही, हायपर. उलटं असतं हे.

बहुतेक रिपोर्टवर नॉर्मल साधारण ०.४ ते ४ च्या आसपास छापलेलं असतं. पण हाक किती मोठी आहे एवढंच बघून चालत नाही, टाकीत पाणी किती आहे तेही बघावं लागतं, म्हणून डॉक्टर फ्री टी४ पण करायला सांगतात. टीएसएच ७ आणि टी४ नॉर्मल ही एक गोष्ट झाली, टीएसएच ७० आणि टी४ तळाला ही वेगळी. आणि कधी कधी हाक मारणाराच आजारी असतो, म्हणजे पिट्युटरीचाच प्रॉब्लेम, तेव्हा टी४ कमी असूनही टीएसएच वाढत नाही. कमी दिसतो, कधी नॉर्मलसुद्धा. एकच आकडा बघून नेटवर शोधत बसलं तर हे कळणारच नाही.

बायकांमध्ये हायपोचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त, आणि आयोडीन पुरेसं मिळत असेल तर सगळ्यात मोठं कारण हाशिमोटो. हाकारू हाशिमोटो ह्या जपानी डॉक्टरने १९१२ ला त्याचं वर्णन केलं. शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते. ह्यात तुमची काही चूक नसते. टेन्शन घेतलंस म्हणून झालं, भात खाल्लास म्हणून झालं असं सासूबाई काही म्हणू देत.

थायरॉइडची गोळी चहाआधी का? आणि टेस्टच्या दिवशी घ्यायची की नाही?

थायरॉक्सिन, म्हणजे गोळीतलं टी४, पोटात नीट शोषलं जायला रिकामं पोट लागतं, म्हणून उठल्यावर पाण्याबरोबर आणि मग अर्धा ते एक तास चहा-कॉफी-नाश्ता काही नको. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तर चार तास लांब ठेवा, त्या थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतात. माझ्याकडे एक मावशी यायच्या, डोस तीनदा वाढवला तरी टीएसएच खाली येईना. एक दिवस त्यांनी पर्समधून प्लास्टिकची डबी काढून दाखवली, त्यात थायरॉइड, कॅल्शियम आणि लोह तिन्ही एकाच कप्प्यात, सकाळी चहाबरोबर एकदमच. मी म्हटलं मावशी ही डबीच डॉक्टरांना दाखवा. नुसती वेळ बदलली आणि दोन महिन्यांत आकडा जागेवर आला.

टेस्टच्या दिवशी रक्त देऊन मग गोळी घ्या. शक्यतो दर वेळी सकाळीच या, कारण टीएसएच रात्री जास्त असतो आणि दुपारी उतरतो, एकदा सकाळी आठला आणि पुढच्या वेळी चारला दिलंत तर तुलना कशी करणार. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी काउंटरवर सांगा, कारण बऱ्याच मशीनच्या केमिकलमध्ये बायोटिनच वापरलेलं असतं आणि मग टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसू शकतो. चांगली माणसं हायपरची गोळी घ्यायच्या बेतात आलेली मी बघितलीत, निव्वळ केसांच्या गोळीमुळे. किती दिवस बंद ठेवायची ते डॉक्टर सांगतील, साधारण दोन-तीन दिवस सांगतात.

आणि डोस बदलल्यावर दहा दिवसांत टेस्टला येऊ नका. टी४ रक्तात निम्मं व्हायलाच आठवडा लागतो आणि टीएसएच स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे. पैसे फुकट जातील. दिवस राहिले तर मात्र थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना कळवायचं, कारण पहिले तीन महिने बाळ आईच्याच थायरॉइडवर अवलंबून असतं आणि बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो.

थायरॉइड आहे म्हणून कोबी-फ्लॉवर बंद करू का? आणि सैंधव मीठ चांगलं ना?

शिजवलेली कोबीची भाजी आठवड्यातून दोनदा खाल्ली तर काहीही होत नाही. मिठाचं म्हणाल तर थायरॉइडला टी४ बनवायला चार आयोडीनचे अणू लागतात, टी३ ला तीन, ते कुठून येणार? हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामींनी आयोडीनवालं मीठ देऊन गलगंड कमी होतात हे दाखवलं आणि १९६२ ला देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. आता सगळं विसरून लोक गुलाबी मीठ आणतात, त्यात आयोडीन जवळपास नसतंच. साधं आयोडीनयुक्त मीठ घ्या, बरणी झाकून आणि गॅसपासून लांब ठेवा. बोंबील, बांगडा, कोलंबी खाणाऱ्यांना मासळीतूनही थोडं मिळतं.

ज्यांची थायरॉइड बेफाम चाललीय त्यांना किरणोत्सारी आयोडीन देतात तेही ह्याच तत्त्वावर. थायरॉइड आयोडीन ओढून घेते, तर त्यातूनच तिला औषध पोचवायचं. आमच्या परळलाच भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून हे काम करतंय, देशभरातून लोक येतात.

रात्री आठला जेवलो, मग काही खाल्लं नाही, तरी सकाळची फास्टिंग शुगर जास्त कशी?

मशीन खराब नाही काका. रात्रभर उपाशी असलात तरी मेंदूला साखर लागतेच, ती लिव्हर सोडतं. स्वादुपिंडातल्या अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडून लिव्हरला सांगतात साखर काढ आणि बीटा पेशी इन्सुलिन सोडून सांगतात पुरे. पहाटे त्यात कॉर्टिसोल आणि ग्रोथ हार्मोन वाढतात, शरीर उठायच्या तयारीला लागतं, ते दोघं साखर वर ढकलतात. ज्याचं इन्सुलिन ठीक आहे त्याच्यात ते सांभाळून घेतलं जातं. डायबेटिसमध्ये सांभाळलं जात नाही आणि सकाळचा आकडा वर दिसतो.

एक हिशोब मी सगळ्यांना सांगते. माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त, शुगर ९० म्हणजे १०० मिलीमागे ९० मिलिग्रॅम, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून साडेचार ग्रॅम साखर. एक छोटा चमचा. टपरीवरच्या एका कटिंगमध्ये त्याहून जास्त असू शकते. तरी ती प्यायल्यावर धडधाकट माणसाची शुगर दुप्पट होत नाही, कारण काही मिनिटांत इन्सुलिन येऊन स्नायूंची आणि चरबीची दारं उघडतं, साखर आत जाते. हे काम करणाऱ्या पेशींचे पुंजके, लँगरहान्स ह्या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ ला पहिल्यांदा बघितलेले, सगळ्या स्वादुपिंडाच्या जेमतेम १-२ टक्के आहेत.

टाइप १ मध्ये बीटा पेशीच नष्ट होतात, इन्सुलिन नाहीच. टाइप २ मध्ये आधी इन्सुलिन भरपूर असतं पण पेशी ऐकत नाहीत, मग स्वादुपिंड जास्त जास्त बनवत राहतं आणि वर्षानुवर्षं तसं करून थकतं. आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ ला आलेल्या पाहणीत देशात १० कोटींच्या वर डायबेटिक निघाले. फास्टिंग १२६ किंवा त्याच्या वर, नाहीतर एचबीए१सी ६.५ किंवा त्याच्या वर म्हणजे डायबेटिस धरतात, पण लक्षणं नसतील तर टेस्ट परत करून खात्री करतात. एचबीए१सी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतो, त्याला उपाशी यायची गरज नाही. आदल्या दिवशी गोड सोडून आलात तरी त्याला फसवता येत नाही, तो मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगतो कारण तो लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजतो आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात.

इन्सुलिन एकदा चालू झालं की सवय लागते म्हणे?

नाही लागत. ते तुमच्याच शरीरात बनायचं तेच आहे, कमी पडतंय म्हणून बाहेरून देतात. गोळी का नाही विचारतात, तर इन्सुलिन हे प्रथिन आहे, पोटात गेलं तर डाळीसारखं पचून जाईल. १९२१ ला टोरांटोत बँटिंग आणि बेस्टने ते काढलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन ह्या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याआधी टाइप १ झालेलं मूल वाचतच नसे, आईबाप नुसते बघत बसायचे. १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन असतो तो बँटिंगचा वाढदिवस. तुमच्या घरात कुणाला इन्सुलिन सांगितलं असेल आणि शेजारी घाबरवत असतील तर कृपा करून त्यांचं ऐकू नका.

स्टिरॉइडच्या गोळ्या वाईट असतात ना, बरं वाटलं की बंद केल्या तर चालतील?

अचानक नाही. कधीच नाही. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये.

माझ्या आईला सांधेदुखीसाठी सात-आठ महिने प्रेडनिसोलोन चालू होती. दुखणं कमी झालं पण तोंड गोल सुजल्यासारखं झालं, चाळीत जो तो विचारायचा काय गं वजन वाढलं का. गौरी येणार, घरात पाहुणे येणार, तिने कुणाला न सांगता गोळ्या थांबवल्या. तिसऱ्या दिवशी उलट्या, चौथ्या दिवशी सकाळी उठताच येईना, हाक मारली तर नुसती बघायची. आम्ही लालबागला दुसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही, मंडळाच्या पोरांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. बीपी ८०. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, स्टिरॉइड चालू होत्या का, आणि मी, रोज दुसऱ्यांच्या कॉर्टिसोलची ट्यूब भरणारी, मला घरातली अर्धी भरलेली स्ट्रिप दिसली नव्हती. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन दिलं, संध्याकाळी तिने चहा मागितला.

झालं काय होतं, तर पुन्हा तीच टाकी. स्टिरॉइडची गोळी ॲड्रिनलच्या कॉर्टिसोलसारखंच काम करते. बाहेरून स्टिरॉइड येतंय म्हटल्यावर पिट्युटरीने ॲड्रिनलना हाक मारणं बंद केलं, महिनोन्महिने काम नाही म्हणून ॲड्रिनल सुकल्या. मग बाहेरचं एकदम थांबलं आणि आतलं अजून जागं झालेलं नाही. कॉर्टिसोल नसेल तर बीपी, साखर काहीच टिकत नाही. म्हणून तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त घेतलेली स्टिरॉइड डॉक्टर हळूहळू उतरवतात. असं कुणी घरात असेल तर स्ट्रिप मोजत जा, आणि ताप, अपघात, ऑपरेशन काहीही झालं तर समोरच्या डॉक्टरांना पहिलं हे सांगा. बिनलेबलच्या पुड्या, 'सांधेदुखीवर रामबाण' म्हणून मिळणाऱ्या, त्यात कधी कधी स्टिरॉइडच घातलेलं असतं.

कॉर्टिसोलला सकाळी आठलाच का बोलावता? लोकल चुकली तर?

कारण ते सकाळी सगळ्यात जास्त आणि मध्यरात्री सगळ्यात कमी असतं. अकराला दिलेल्या रक्ताचा आकडा आठच्या रेंजला लावून बघितला तर उगाच घाबराल. गाडी चुकली तर फोन करा, दुसऱ्या दिवशी या. आणि पुलावरून धावत येऊन लगेच हात पुढे करू नका, दहा-पंधरा मिनिटं बसा. धावताना ॲड्रिनलिन सुटतं, छाती धडधडते, तळहात ओले होतात, ते काही मिनिटांत उतरतं, पण प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचं, आईला दूध आणणारं हार्मोन) आणि कॉर्टिसोल ताणाने वाढलेले असतात ते इतक्या लवकर खाली येत नाहीत. प्रोलॅक्टिनला तर उठल्यावर दोन-तीन तासांनी, शांत बसून.

पीसीओडी आहे म्हणजे मूल होणार नाही का?

कॉलेजच्या मुली हा प्रश्न फार हळू आवाजात विचारतात, आई बाजूला असेल तर विचारतच नाहीत. पीसीओडी म्हणजे हार्मोन्स बिघडून ओव्हरीतून बीज वेळेवर न सुटणं. होतं मूल. बहुतेकींना होतं, काहींना औषध लागतं. सोनोग्राफीत 'सिस्ट' लिहिलेलं असतं त्या खऱ्या गाठी नसतात, बीजाच्या अर्धवट वाढलेल्या पिशव्या असतात, त्यांचं काढून टाकायचं ऑपरेशन वगैरे नसतं. इन्सुलिन जास्त राहिलं की ओव्हरी पुरुषी हार्मोन थोडी जास्त बनवते, त्यामुळे पाळी लांबते, हनुवटीवर केस, मुरुमं. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी परत येते. पण बारीक मुलींनाही पीसीओडी असतं, त्यांना 'जाडी कमी कर' सांगून काय उपयोग. एलएच, एफएसएच, म्हणजे पिट्युटरीची ओव्हरीला हाक मारणारी हार्मोन्स, त्यांचं रक्त पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी द्यायचं असतं, तेव्हा तारीख लिहून आणा. आणि मुलीला कधी पाळी येते हे चारचौघांत मोठ्याने विचारू नका, आम्ही पडदा ओढून विचारतो.

जिमवाल्याने इंजेक्शन सांगितलंय, मसल्ससाठी.

नको रे बाबा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरी गप्प, वृषण काम थांबवतात, आकार लहान होतो, शुक्राणू कमी होतात, कधी शून्यावर येतात. बंद केल्यावर परत यायला महिने लागतात आणि सगळ्यांचं पूर्ण येतं असंही नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी टेस्टला आलेली पोरं मी बघितलीत, दंड एवढे आणि मान खाली.

मुंबईत एवढं ऊन, मग व्हिटॅमिन डी कमी कसं?

ऊन आहे पण अंगावर कुठे पडतं. सकाळी अंधारात निघायचं, लोकल, ऑफिस, रात्री परत, घराला खिडकी आहे तर समोर दुसरी बिल्डिंग. आणि काचेतून आलेलं ऊन ह्या कामाचं नाही, त्यातले लागणारे किरण काच अडवते. व्हिटॅमिन म्हणतात पण वागतं हार्मोनसारखं, कातडीत बनतं, लिव्हरमध्ये आणि मग किडनीत बदलतं, आणि आतड्याला सांगतं कॅल्शियम घे. ते कमी पडलं की पॅराथायरॉइड हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात घालतात. व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी किंवा गोळी बहुतेक आठवड्यातून एकदा असते, ती रोज खाऊन कॅल्शियम वाढवून घेतलेले पेशंट येतात, उलट्या आणि तहान घेऊन. चिठ्ठी परत वाचा.

पाळी जायला आली, मे महिन्यात अंगाची आग होते, हे हार्मोनचंच ना?

हो. ओव्हरी थकतात, इस्ट्रोजेन उतरतं, पिट्युटरी एफएसएचची हाक वाढवत जाते पण तिकडून उत्तर येत नाही. इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र जरा जरा गोष्टीने बिथरतं, म्हणून एकदम वाफ आल्यासारखं आणि मग घाम. ह्यावर उपाय आहेत, सहन करत बसायचं नसतं. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर परत रक्त दिसलं तर मात्र हार्मोन म्हणून सोडून देऊ नका, लगेच दाखवा.

मुलाची उंची वाढत नाही, लटकवू का बारला?

लटकून वाढत नाही. ग्रोथ हार्मोन गाढ झोपेत जास्त सुटतं, थायरॉइड नीट हवी, जेवण हवं. हाडांच्या टोकाची वाढीची जागा वयात आल्यावर हळूहळू बंद होते आणि मग काही करता येत नाही, म्हणून सोळाव्या वर्षी येऊ नका, नऊ-दहाला शंका आली तर तेव्हाच मुलांच्या डॉक्टरांकडे जा आणि शाळेची जुनी उंचीची नोंद घेऊन जा.

बाळाच्या टाचेतून रक्त का घेतात? एवढंसं आहे ते.

दोन-तीन थेंब असतात, जाड कागदावर. काही बाळं थायरॉइडशिवाय किंवा अर्धवट थायरॉइड घेऊन जन्मतात आणि जन्मतः अगदी छान दिसतात, कारण पोटात असताना आईचं हार्मोन मिळालेलं असतं. कळेपर्यंत उशीर झाला तर मेंदूची वाढ खुंटते ती भरून येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत कळलं आणि गोळी चुरडून आईच्या दुधाच्या थेंबातून दिली तर मूल इतरांसारखंच शाळेत जातं. तिसऱ्या दिवसाच्या आसपास घेतात. सगळ्या ठिकाणी आपणहून करत नाहीत, म्हणून डिस्चार्ज घ्यायच्या आधी विचारा, झाली का टेस्ट. बाळ रडतं, मलाही ते ऐकवत नाही, पण टाच आधी कोमट कपड्याने शेकली तर थेंब पटकन येतो.

डॉक्टर कुठला बघू?

आधी तुमचा नेहमीचा फॅमिली डॉक्टर, साधा थायरॉइड, शुगर ते बघतात. आकडे जागेवर येत नसतील, पिट्युटरी किंवा ॲड्रिनलचं काही असेल, तर एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे तज्ज्ञ. परळच्याच केईएम हॉस्पिटलला त्यांचा वेगळा विभाग आहे, लवकर निघा, गर्दी असते. जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, मोबाइलमधले फोटो नकोत, कागद, आणि चालू गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, केसांच्या आणि आयुर्वेदिक पुड्यासुद्धा.